जो जिथं बसला, तो तिथंच

पवनानगर ते कामशेत या रस्त्यावर माझ्याएवढा बिनडोक वडापवाला दुसरा नाही. हे मी म्हणत नाही, स्टँडवरची मंडळी म्हणतात. मी फक्त मान डोलावतो. नाव नसीर मुलाणी, वय एकोणपन्नास, आणि पोट असं की स्टिअरिंगला हातापेक्षा तेच जास्त लागतं. सव्वीस वर्षं मी या रस्त्यावर जीपमध्ये माणसं भरून नेतोय. एसटी यायची तेव्हा येते, आम्ही मात्र असतोच.

वडापची एक रीत आहे. जीपा नंबरानं उभ्या राहतात. पहिली भरल्याशिवाय हलत नाही आणि ती हलल्याशिवाय दुसरीचा नंबर लागत नाही. भरणं या शब्दाचा आमच्यात जरा मोठा अर्थ आहे. तिघांच्या सीटवर चौघं बसले की आता गाडी भरायला लागली, असं आम्ही समजतो. ‘मावशी, जरा आत सरा’, ‘भाऊ, पिशवी मांडीवर घ्या’ असं करत माणसं इकडची तिकडं करण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. एकदा एका फौजदाराला मी मागच्या सीटवर दोन कोंबड्यांच्या मधे बसवून नेला होता. उतरताना त्यानं माझे आभार मानले.

आता मी कुणाला बोटभरही हलवत नाही. जो जिथं बसला, तो तिथंच. मागं एक नवी जोडी आली. नवरी गडबडीत पुढं बसली, नवरा मागं. तो म्हणाला, "भाऊ, मला पन पुढं घ्या की." मी म्हणालो, नियम म्हणजे नियम. नवरी तोंडाला पदर लावून हसली आणि नवरा कामशेतपर्यंत कुणाशीही बोलला नाही. त्यांचा संसार आता कसा चाललाय माहीत नाही, पण सुरुवात मी बिघडवली एवढं नक्की.

याचं कारण मी लोकांना वेळोवेळी वेगवेगळं सांगितलं. आधी म्हणालो, आरटीओचा नवा नियम आहे. ते दोन महिने खपलं. मग जावेदनं, म्हणजे माझ्या मागं नंबर लावणाऱ्या जीपवाल्यानं, चौकशी केली आणि माझी अब्रू गेली. मग म्हणालो, कंबर धरलीय, मागं वळून बघता येत नाही. मग म्हणालो, मन्नत केलीय. मन्नतीवर सहसा कुणी प्रश्न विचारत नाही, पण माझ्या बायकोनं, नसीमनं, विचारला. "कुठल्या दर्ग्याला?" आणि मला पटकन दर्गा सुचला नाही.

दुसरं खूळ हॉर्नचं. खडकीचं वळण सुरू झालं की मी हॉर्नवर हात ठेवतो, तो वळण संपेपर्यंत उचलत नाही. वानरं आडवी येतात, असं मी सांगतो. जावेद म्हणतो, नसीरच्या हॉर्नला कंटाळून इथली वानरं कधीच मुळशीत राहायला गेली.

खरं कारण मी कुणालाच सांगितलं नव्हतं. ते असं.

तीन वर्षांपूर्वीचा जुलै. चार दिवस पाऊस थांबला नव्हता. दुपारचे सव्वाबारा झाले असतील. पुढच्या नंबरला दत्तोबाची जीप होती. दत्तोबा माझा वीस वर्षांचा सोबती. त्याची एक सीट भरायची होती आणि त्या एका माणसापायी तो वीस मिनिटं अडला होता. त्याच्या मागं मी. माझ्या जीपमध्ये एकच माणूस, माझ्या शेजारी, पुढं: प्रदीप. एकतीस वर्षांचा, उर्स्याला एका कंपनीत दुसऱ्या पाळीला जायचा. रोज माझ्याच शेजारी बसायचा आणि क्रिकेटवरून माझ्याशी भांडायचा.

कामशेतला स्टेशनजवळ तेव्हा एक भजीवाला बसायचा. त्याचा घाणा एकला बंद व्हायचा. मला भजी खायची होती, गरम. एवढंच. त्या दिवशी माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

मी प्रदीपला म्हणालो, "जा की रं दत्तोबाच्या गाडीत. तो हलला की माजा नंबर लागंल."

"भाई, मी हितंच बरा हाय."

"उठ, लाडात येऊ नको."

तो उठला. पिशवी डोक्यावर धरून पळत गेला आणि दत्तोबाच्या जीपमध्ये मागं दाराशी बसला. पावसामुळं दोन्ही जीपांच्या ताडपत्र्या खाली सोडलेल्या. तो कुठून आला हे कुणी पाहिलं नाही, आणि पाहिलं असतं तरी लक्षात ठेवलं नसतं. या गाडीतला माणूस त्या गाडीला देणं हे आमच्यात दिवसातून दहादा होतं.

खडकीच्या वळणावर डोंगर खाली आला तेव्हा दत्तोबाची जीप तिथं होती. भज्यांच्या घाईत निम्मी रिकामीच काढलेली माझी जीप सात-आठ मिनिटं मागं होती. मी पोचलो तर पुढं रस्ताच नव्हता, चिखल होता आणि चिखलातून वर आलेलं एक चाक. आम्ही हातांनी उकरलं, जॅकच्या दांड्यानं उकरलं. पाच माणसं जिवंत निघाली, त्यातल्या एका बाईला मी ओढून काढलं. सहा गेली. दत्तोबा गेला. प्रदीप गेला.

पुढच्या महिन्यात, पंधरा ऑगस्टला, माझा सत्कार झाला. शाल, नारळ आणि भाषण. भाषणात मला देवमाणूस म्हणाले. मी स्टेजवर हात जोडून उभा होतो आणि मनात म्हणत होतो की आता कुणीतरी उठेल आणि विचारेल, ‘प्रदीप कुणाच्या गाडीत बसला होता?’ कुणी उठलं नाही. नारळाची नसीमनं चटणी केली, ती मला गिळवली नाही. शाल कपाटात वर ठेवली. कपाट उघडलं की ती दिसते, म्हणून मी कपाट उघडणंच सोडलं आणि दोरीवरचेच कपडे काढून घालू लागलो. देवमाणूस सहा महिने दोन शर्टांवर फिरत होता.

हे इथवर असतं तरी निभावलं असतं. माणूस स्वतःला फसवत आयुष्य काढू शकतो, मला त्याचा चांगला सराव झाला होता. पण भामाबाई आल्या.

भामाबाई म्हणजे प्रदीपची आई. दर गुरुवारी कामशेतला बीपीच्या गोळ्या आणायला जातात. दरडीनंतर तीन महिन्यांनी पहिल्यांदा स्टँडवर आल्या आणि सरळ माझ्या शेजारी, प्रदीपच्या जागेवर बसल्या. माझा नियम तोवर साऱ्या पवन मावळाला पाठ झाला होता. मी त्यांना उठवणार कसा? दुसऱ्यांसाठी केलेला नियम असा स्वतःच्या गळ्यात आला.

त्या दिवशी स्टँड सुटल्यावर त्या बोलायला लागल्या.

"नसीर, माज्यामुळं गेला रं माजा प्रदीप."

मी गिअर बदलला. गरज नव्हती.

"साडेअकराच्या गाडीला निगाला व्हता. पायात चपला घातल्या व्हत्या. मी म्हनलं, आसा उपाशी नको जाऊ, दोन घास खा आन मग जा. कालवन तापवलं. तो बसला जेवाय. तवर गाडी गेली. म्या जेवाय बसवला नसता तर आज आसता का न्हाई?"

"मावशी, आसं नको बोलूस," मी म्हणालो. एवढंच. पुढं वळण आलं, मी हॉर्न धरला आणि सुटलो.

पण पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही गुरुवारी. त्याच चपला, तेच कालवण, तीच साडेअकराची गाडी. मी रस्त्याकडं बघत मान हलवायचो. मला ठाऊक होतं की साडेअकराची गाडी चुकली म्हणून तो गेला नाही. तो माझ्या जीपमध्ये सुखरूप बसला होता. मी उठवला म्हणून गेला. ही म्हातारी माझं ओझं डोक्यावर घेऊन चाललीय आणि मी तिला घेऊन जीप चालवतोय, हे कळत असूनही माझं तोंड उघडत नव्हतं. कारण साधं होतं, मी भ्यालो होतो. तिनं माझ्याकडं बघायचं थांबवलं तर मी काय करू, हीच भीती.

आणि भामाबाईंनी एक गोष्ट सोडली होती. त्या कुणाला ‘जेव’ म्हणत नव्हत्या. भाकरी करायच्या, टोपलीत झाकून ठेवायच्या आणि बाजूला व्हायच्या. ज्याला हवं त्यानं घ्यावं. पाहुणा आला तर चहा द्यायच्या, पण ‘जेवून जा’ हे शब्द तोंडातून यायचे नाहीत. आमच्याकडं दारावर आलेल्या अनोळखी माणसालाही बायका जेवलास का म्हणून विचारतात. त्या घरात आता कुणी कुणाला विचारत नव्हतं. घरात माणसं दोनच, भामाबाई आणि प्रदीपची बायको चैताली.

याच दिवसांत तळेगावहून नीरजा मॅडम यायला लागल्या. दरडीतून वाचलेल्यांशी, गेलेल्यांच्या घरच्यांशी त्या गुरुवारी शाळेच्या खोलीत बसून बोलायच्या. मन मोकळं करा, म्हणायच्या. सकाळी त्यांना कामशेत स्टेशनवरून मीच आणायचो आणि दुपारी मीच सोडायचो. या कामात मी फार उत्साही होतो. कोण झोपत नाही, कोण पाऊस आला की पलंगाखाली जातो, कुणाच्या बायकोनं सांगितलं की हा रात्री ओरडतो, सगळ्यांना गाठून मी जीपमध्ये घालून शाळेत पोचवायचो. बाहेर थांबून त्यांच्या रोगाची चर्चाही करायचो. आत मात्र एकदाही गेलो नाही.

मॅडमनी एकदा विचारलं, "नसीरभाऊ, तुम्ही कधी आत येत नाही?"

"गाडीपाशी कुणीतरी पायजे ना, मॅडम."

"गाडी कोण नेणार आहे?"

"तसं न्हाई, पन बॅटरी जुनी हाय."

बॅटरीचा आणि माणूस बाहेर बसण्याचा काय संबंध, हे त्यांनी विचारलं नाही. शिकलेल्या बाईंचं हे एक बरं असतं. भामाबाई आत जायच्या, पण गप्प बसायच्या. मग माझ्या जीपमध्ये यायच्या आणि बोलायच्या. मॅडम म्हणाल्या, "त्या तुमच्याशी बोलतात, हे फार चांगलं आहे. तुम्ही फक्त ऐकत राहा." मी तसा आज्ञाधारक. दोन वर्षं ऐकत राहिलो.

गेल्या मार्चात चैताली कंपनीत चक्कर येऊन पडली. प्रदीपच्या जागेवर तिला उर्स्याच्या त्याच कंपनीत घेतलं होतं. सकाळच्या सातच्या माझ्या जीपनं ती कामशेतला यायची, तिथून कंपनीच्या बसनं पुढं. दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, पोटात काही नाही हिच्या. तिला घरी सोडायला मीच गेलो. वाटेत विचारलं, "वैनी, घरी भाकरी नसती का?"

"आसती की, नसीरभाऊ. टोपलीत आसती." तिनं हातावरची सलाईनची पट्टी सोलून काढली. "कुनी जेव म्हनत न्हाई, मग एकटीच्या घशाखाली उतरत न्हाई. सासूबाई पन तशाच झोपत्यात."

त्या दिवशी मी घरी येऊन जेवलो नाही. नसीमनं ताट वाढलं, दोनदा बोलावलं, तिसऱ्यांदा ओरडली. मी म्हणालो, अपचन झालंय. माझ्या पोटाकडं बघून ती म्हणाली, "हे जर उपाशी राहायला लागलं तर घरात काहीतरी मोठं झालंय. काय ते बोला." मी बोललो. एका दमात, भज्यांसकट. सांगून झाल्यावर मी लहान पोरासारखा रडलो. नसीम म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? मी त्याची आई हाय का?"

गुरुवार आला. दुपारी शाळेतली मॅडमची बैठक सुटली, माझ्या शेजारी भामाबाई, मागं मॅडम आणि इतर सात-आठ माणसं. मी ठरवलं होतं की कामशेतला उतरल्यावर भामाबाईंना बाजूला घेऊन, चहा पाजून नीट सांगायचं. वाक्यं पाठ केली होती. पण भामाबाईंनी नेहमीप्रमाणं सुरुवात केली, चपला, कालवण, आणि शेवटी म्हणाल्या, "आता चैताली पन जायची बग माज्यामुळं. माज्या हातालाच दोस हाय." तोवर खडकीचं वळण आलं. मी हॉर्न धरला आणि त्या आवाजातच ओरडलो, "मावशी, तुज्यामुळं न्हाई, माज्यामुळं गेला!"

आता हा माझा शहाणपणा पाहा. दोन वर्षांनी कबुली द्यायची, ती हॉर्न दाबून. त्यांना काही ऐकू गेलं नाही.

"काय म्हनलास?"

मी परत ओरडलो. त्या कानामागं हात धरून माझ्याकडं झुकल्या. शेवटी मी हॉर्नवरचा हात काढला. दोन वर्षांत त्या वळणावर पहिल्यांदा शांतता झाली, आणि मागची सगळी माणसं काय झालं म्हणून पुढं वाकली.

"मावशी, प्रदीप माज्या जीपमदी बसला व्हता. आज तू बसलीस तितंच. दत्तोबाची एक सीट भरंना, म्हनून मी त्याला उठवून तिकडं धाडला. तुज्या जेवनानं काय झालं न्हाई. जेवून येऊन तो हितं नीट बसला व्हता."

"तू उठवलास?"

"व्हय."

"का?"

इथं खोटं बोलायला भरपूर वाव होता. नंबराची रीत सांगता आली असती. मी म्हणालो, "मला कामशेतला जाऊन भजी खायची व्हती."

"आन त्यो लगीच उठला?"

"न्हाई. हितंच बरा हाय म्हनला. मी पुन्यांदा उठ म्हनलं."

भामाबाईंनी सीटवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "दोन वरसं मी बोलत व्हते, आन तू ऐकत व्हतास."

प्रदीपला उठवलं ती माझी चूक होती, पण त्या चुकीत मला काही माहीत नव्हतं. ऐकत राहिलो तेव्हा मला सगळं माहीत होतं.

"गाडी थांबीव," त्या म्हणाल्या.

वळणावरच थांबवली. त्या उतरल्या आणि डोंगराला लावलेल्या लोखंडी जाळीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. नीरजा मॅडमही उतरल्या आणि त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. जीपमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. एरवी दोन मिनिटं गाडी थांबली तर ‘चला की राव’ म्हणणारी माणसं ती. पाच-दहा मिनिटांनी भामाबाई परत आल्या, पण पुढं आल्या नाहीत. मागं जाऊन माणसांत बसल्या. माणसं कुणी न सांगता सरकली. कामशेतपर्यंत माझ्या शेजारची सीट रिकामी होती. उतरताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

संध्याकाळपर्यंत साऱ्या स्टँडला कळलं. कुणी म्हणालं, त्याची वेळच भरली होती, तू निमित्त. कुणी सलाम घेणं सोडलं. जावेद माझ्या जीपमध्ये येऊन बसला आणि म्हणाला, "मी पन त्या दिवशी दत्तोबाला दोन मानसं दिली व्हती. ती वाचली म्हनून मला झोप लागती, बाकी काय फरक हाय आपल्यात?" मग उठून आपल्या गाडीकडं गेला. रात्री घरी आलो तर कपाटातली शाल नसीमनं उतरवून ट्रंकेत तळाशी घातली होती. पुढच्या गुरुवारी मी शाळेत आत गेलो. मॅडमनी बॅटरीची चौकशी केली नाही.

भामाबाई आता जावेदच्या जीपनं जातात. मी समोर दिसलो तर मान वळवतात. मला वाईट वाटतं, ते मी लपवत नाही. दर गुरुवारी वाटतं. त्यांचा राग आता स्वतःवर नाही, माझ्यावर आहे, आणि तो इथंच बरा, एवढं मला पटलंय.

चैताली पंधरा दिवसांनी कामावर यायला लागली. सातची गाडी माझीच, तिला दुसरा इलाज नाही. पहिल्या दिवशी ती सात वाजून गेल्यावर धावत आली. मी निघायच्या बेतात होतो. ती मागं बसली, धापा टाकत. शेजारच्या बाईनं विचारलं, "का गं, उशीर?"

"सासूबाई सोडत्यात व्हय?" चैताली करवादली. "ताटापुढनं उठूच देत न्हाईत. भाकरी संपल्याबिगर उंबरा वलांडायचा न्हाई. मी म्हनलं, आत्या, गाडी जाईल. तर म्हनल्या, गाडी गेली तर जाऊ दे. आदी जेव."

मी आरशात बघितलं. तिचंही लक्ष आरशात गेलं.

"नसीरभाऊ, तुमच्याशी बोलायचं न्हाई आसं ठरलंय आमचं," ती म्हणाली. "सासूबाईंचं पन, आन माजं पन."

"बरं," मी म्हणालो आणि गाडी गिअरमध्ये टाकली. डोळ्यांपुढं रस्ता नीट दिसत नव्हता, म्हणून पहिला मैल फार हळू नेली.

तेव्हापासून सातची गाडी सात-दहाला सुटते. कधी सात-पंधराला, भाकरी किती मोठी आहे त्यावर. माणसं कुरकुरतात, जावेद मागून ओरडतो. मी बॉनेट उघडून आत तोंड घालून उभा असतो. कुणी विचारलं तर सांगतो, इंजिन गरम झालंय. पहाटेपासून गाडी सुरूसुद्धा केलेली नसते. चैताली येते, बसते, माझ्याशी बोलत नाही. मग मी बॉनेट लावतो आणि निघतो.